५००० पाउंड ओढणाऱ्या गाडीला ४४८० पाउंडांचा ट्रेलर का झेपला नाही

गाडी म्हणजे तीन रांगांची मध्यम एसयूव्ही, व्ही-सिक्स इंजिन, ब्रोशरमध्ये ठळक अक्षरात टोइंग कपॅसिटी ५००० पाउंड. ट्रेलर म्हणजे बावीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर), ब्रोशरमधलं ड्राय वेट, म्हणजे रिकामं वजन, ३८५० आणि गच्च भरला तरी कमाल परवानगी ४९००. रिकामा धरा नाहीतर भरलेला धरा, आकडा ५००० च्या आतच. विकणाऱ्यानेही हेच गणित मांडलं आणि माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, ते मान्य केलं. तो तसा हिशोबी माणूस, त्याने वर ८० टक्क्यांचा नियमपण लावून बघितला (रेटिंगच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त ओढू नये असं बरेच जण सांगतात), ५००० चे ८० टक्के ४०००, ट्रेलर ३८५०, पास.

घरात माणसं पाच. दादा, वहिनी, १४ वर्षांचा मुलगा, ९ वर्षांची मुलगी आणि मावशी. राहतात अमेरिकेत म्हणून सगळे आकडे पाउंडात देतोय, किलो हवे असतील तर २.२ ने भागा.

पहिल्या ट्रिपला काय झालं ते थोडक्यात. सपाट रस्त्यावर ठीक चाललं होतं, फक्त मोठा ट्रक बाजूने गेला की ट्रेलर आधी बाहेर ढकलल्यासारखा आणि मग आत ओढल्यासारखा व्हायचा आणि गाडीचं स्टिअरिंग हलकं हलकं लागायचं. मग एक लांब उतार आला, वेग ७० मैलांच्या वर गेला आणि ट्रेलर डावी-उजवी झुलायला लागला, दादाने ब्रेक दाबला तर झुलणं अजून वाढलं, घाबरून पाय काढला आणि नशिबाने पुढे चढ होता म्हणून वेग आपोआप उतरला आणि सगळं सरळ झालं. मावशी मागच्या सीटवर रामरक्षा म्हणत होत्या. डीलरला विचारलं तर म्हणाला स्वे कंट्रोल बार (झुलणं रोखणारी दांडी) विकत घ्या. मला फोन आला तो "ट्रेलरच्या ॲक्सलमध्ये काहीतरी बिघाड दिसतोय" असा.

बिघाड काहीच नव्हता. ट्रेलर नीट होता, गाडीपण नीट होती, फक्त त्या दोघांची जोडी या पाच माणसांसाठी नव्हती.

५००० येतात कुठून

हे एकदा समजलं की अर्धं काम होतं. एसएई या इंजिनियरांच्या संस्थेचं जे२८०७ नावाचं स्टँडर्ड आहे, २००८ साली आलं. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने टोइंगचा आकडा काढायची आणि जाहिरातीत एकमेकांवर कडी करायची. टोयोटाने २०११ च्या मॉडेलांपासून हे स्टँडर्ड सगळ्यात आधी धरलं, बाकीचे काही वर्षांनी आले. टेस्ट कडकच आहे, ॲरिझोनात डेव्हिस डॅमजवळ ११.४ मैलांचा सलग चढ आहे, तो उन्हाळ्याच्या गरमीत एसी फुल ठेवून चढायचा आणि वेग ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. आकडा खोटा नसतो, मला त्या आकड्यावर राग नाहीये.

पण त्या टेस्टमध्ये गाडीत कोण बसलंय? एक ड्रायव्हर आणि एक पॅसेंजर, प्रत्येकी १५० पाउंड. बस. मुलं नाहीत, आजी नाही, रूफ बॉक्स नाही, कूलर नाही. आणि ट्रेलरचं नाक हिचवर (गाडीच्या मागचा ट्रेलर जोडायचा सांधा) जितकं दाबतं, ज्याला टंग वेट म्हणतात, ते ट्रेलरच्या १० टक्के धरलेलं. खऱ्या ट्रॅव्हल ट्रेलरचं टंग वेट बहुतेकदा १२ ते १४ टक्के निघतं, कारण बॅटरी आणि गॅसचे सिलिंडर अगदी पुढे नाकावरच बसवलेले असतात.

म्हणजे ५००० हा आकडा दोन सडपातळ माणसांच्या रिकाम्या गाडीचा आहे. पाच जणांचं कुटुंब घेऊन निघालात की तो तुमचा राहत नाही.

दाराच्या खांबावरचं स्टिकर

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं छोटं स्टिकर असतं, टायर प्रेशरवालं. त्यावर एक ओळ असते की माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांपेक्षा जास्त नको. हा पेलोड. तो त्या मॉडेलचा सरसकट आकडा नसतो, त्या एका गाडीचा असतो, तिच्यात फॅक्टरीतून काय काय बसवून आलंय ते धरून. म्हणून सनरूफ, मोठी चाकं, तिसरी रांग असलेल्या महागड्या व्हेरियंटचा पेलोड साध्या व्हेरियंटपेक्षा कमी असतो, आणि हे शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही.

दादाच्या गाडीवर १३१० लिहिलेलं होतं. गाडीचं रिकामं वजन ४६९०, कमाल ६०००, मधला फरक १३१०.

आता यातून वजावट करत जाऊ. माणसं आधी. वजनं विचारताना घरात जे नाटक झालं ते सोडून देतो, सगळ्यांनी सांगितलेली बेरीज ६२५ आली आणि बाथरूमच्या काट्यावर उभं करून घेतली तेव्हा ६६० आली, एवढंच सांगतो. हिचचा सांगाडा डीलरकडे नंतर बसवला होता म्हणजे तो स्टिकरमध्ये धरलेला नाही, त्याचे ६०. छतावरचा बॉक्स आणि आतलं सामान १२५. मागे ट्रंकमध्ये कूलर, टूलबॉक्स, पाण्याच्या बाटल्या, पोरांच्या बॅगा मिळून १५०. एकूण ९९५. उरले ३१५.

त्यात वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (ताणलेल्या लोखंडी बारांनी टंगचं वजन पुढच्या चाकांकडे आणि ट्रेलरच्या चाकांकडे वाटून देणारी हिच), तिच्या लोखंडाचेच ७५. उरले २४०.

हे २४० म्हणजे ट्रेलरच्या टंगसाठी उरलेली सगळी जागा. १२ टक्के टंग धरलं तर २४० पाउंडांत भरलेला ट्रेलर बसतो २००० पाउंडांचा. पाच हजार नाही, दोन हजार! दादा फोनवर बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "अरे पण मग ते ५००० कशाला लिहितात?" मी म्हटलं इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स ५००० ओढू शकतात म्हणून लिहितात, तुझ्या मागच्या स्प्रिंगा आणि टायर काय उचलू शकतात हा वेगळा प्रश्न आहे. ओढणं वेगळं आणि उचलणं वेगळं. ट्रॅव्हल ट्रेलर चाकांवर असला तरी त्याचा सातवा-आठवा हिस्सा गाडीच्या पाठीवर असतो.

काट्यावर

कागदावरचं गणित दादाला पटलं पण वहिनींना नाही पटलं, त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही सगळं अंदाजाने धरलंय." बरोबर होतं त्यांचं. मग हायवेवरच्या ट्रक स्टॉपला जो कॅट स्केल असतो तिथे गेलो. तिथे ट्रकसाठी लांबलचक काटा असतो, वेगवेगळ्या पट्ट्यांचा, गाडीचं पुढचं ॲक्सल एका पट्टीवर, मागचं दुसऱ्यावर, ट्रेलरची चाकं तिसऱ्यावर उभी करायची आणि प्रत्येकाचं वजन वेगळं छापून मिळतं. सगळे जण गाडीत बसलेले, सामान भरलेलं, ट्रिपला निघतो तसंच. ट्रेलरची पाण्याची टाकी मात्र रिकामी होती.

तीनदा काटा करायचा असतो. ट्रेलर जोडून आणि हिचचे बार ताणून, मग ट्रेलर जोडलेला पण बार काढून, मग ट्रेलर बाजूला सोडून नुसती गाडी. उलट क्रमाने सांगतो कारण समजायला ते सोपं जातं.

नुसती गाडी: पुढे २८२०, मागे २९४०, एकूण ५७६०. म्हणजे ट्रेलर जोडायच्या आधीच ६००० पैकी फक्त २४० शिल्लक, कागदावरचा आकडा तंतोतंत आला.

ट्रेलर जोडून, बार न लावता: पुढे २५८०, मागे ३७४०, ट्रेलरच्या चाकांवर ३९२०. गाडीवरचं वजन ५७६० वरून ६३२० झालं, तो फरक म्हणजे टंग वेट, ५६०. ट्रेलरचं पूर्ण वजन ३९२० अधिक ५६०, म्हणजे ४४८०. ब्रोशरमधल्या ड्राय वेटपेक्षा ६३० जास्त, आणि यात पाणी नाही! टाकी ३० गॅलनची आहे, भरली तर आणखी २५० पाउंड. बॅटरी, सिलिंडर, एसीसारखे ऑप्शन, भांडी, अंथरुणं, खुर्च्या, ताडपत्री, पाइप, सगळं थोडं थोडं करून तिथे पोचतं. ड्राय वेट हा आकडा ट्रेलर विकण्यासाठी असतो, ओढण्यासाठी नाही असं माझं स्पष्ट मत आहे. खरेदी करताना ट्रेलरचं कमाल वजन धरून हिशोब करावा, कारण कुठलंही कुटुंब दोन वर्षांत ट्रेलर तिथपर्यंत भरतंच.

आता मर्यादा लावू. गाडी कमाल ६०००, भरली ६३२०, ३२० जास्त. मागचं ॲक्सल कमाल ३३००, भरलं ३७४०, ४४० जास्त. हिचच्या सांगाड्यावर टंगची मर्यादा ५००, आले ५६०. गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल १००५०, आले १०२४०. चारही मर्यादा ओलांडल्या आणि ब्रोशरमधली एकच मर्यादा, ५००० ची, ती मात्र मस्त पाळली गेली.

आणि पुढचं ॲक्सल बघा, २८२० वरून २५८०. टंग मागच्या चाकांच्याही मागे दाबतं त्यामुळे सी-सॉ होतो, मागे दाबलं की पुढून उचललं जातं. २४० पाउंड पुढच्या चाकांवरून गेले, आणि स्टिअरिंग त्याच चाकांत असतं, ब्रेकचा मोठा भारही तीच चाकं घेतात. स्टिअरिंग हलकं लागत होतं ते हेच.

बार ताणल्यावर: पुढे २७४०, मागे ३५००, ट्रेलरच्या चाकांवर ४०००. बारांनी काम केलं, पुढे १६० परत आणले, ट्रेलरच्या चाकांवर ८० ढकलले, मागचं ॲक्सल २४० ने हलकं केलं. तरीपण मागचं ॲक्सल २०० ने जास्तच आणि गाडी ६२४०, म्हणजे २४० ने जास्तच. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच वजन सरकवते, कमी करत नाही, पेलोडचा आकडा वाढवत तर अजिबात नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ही हिच वापरूच नका असं लिहिलेलं असतं आणि काहींमध्ये ती असल्याशिवाय पूर्ण रेटिंग मिळत नाही, त्यामुळे स्वतःच्या गाडीचं मॅन्युअल वाचण्याला पर्याय नाही.

दादाच्या एका मित्राने सुचवलं की मागच्या स्प्रिंगमध्ये एअरबॅग (हवा भरायच्या पिशव्या) टाक, गाडी मागून खाली बसणार नाही. खरंय, बसणार नाही. दिसायला सरळ दिसेल. पण ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक तेच राहणार, म्हणजे आपल्याला जे डोळ्यांनी कळत होतं तेवढं फक्त झाकलं जाणार. मला हा उपाय सगळ्यात धोक्याचा वाटतो.

मग ट्रेलर झुलला का?

हा प्रश्न मला जास्त इंटरेस्टिंग वाटला, कारण पुस्तकी उत्तर असं की टंग वेट १० टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर झुलतो, आणि इथे तर ते साडेबारा टक्के होतं. मग विचारता विचारता कळलं की त्या ट्रिपला ट्रेलरच्या मागच्या बंपरला दोन सायकली लटकवल्या होत्या, रॅकसकट ७० पाउंड (काट्यावर त्या नव्हत्या). ॲक्सलच्या मागे बारा फुटांवर ७० पाउंड टांगले की पुढे टंगवरून पन्नास-पंचावन्न उचलले जातात, म्हणजे टंग ११ टक्क्यांच्या आसपास आलं. परतीच्या वाटेवर सांडपाण्याची टाकीपण थोडी भरलेली, तीही या ट्रेलरमध्ये ॲक्सलच्या मागे. आणि नुसतं टंगचं वजन नाही, टोकाला टांगलेलं वजन एकदा झुलायला लागलं की थांबायला वेळ घेतं.

शिवाय ट्रेलरचे टायर. ते एसटी, म्हणजे खास ट्रेलरसाठीच्या प्रकारचे, बाजूवर ५० पीएसआय लिहिलेलं, थंड असताना तेवढी हवा पाहिजे. चारपैकी दोन चाळिशीत होते. अशा बऱ्याच टायरांची वेगमर्यादाच ६५ मैल असते आणि दादा ७० च्या वर होता. टायरवर तारखेचा चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, तो बघितला तर टायर नवेच होते, तो प्रश्न नव्हता.

ब्रेक कंट्रोलर (गाडीत बसून ट्रेलरचे ब्रेक चालवायचं यंत्र) डीलरने बसवून दिला होता पण गेन, म्हणजे ट्रेलरचा ब्रेक किती जोरात लागावा ते, सेट करून दिला नव्हता, कोणी सांगितलंपण नव्हतं. मोकळ्या पार्किंगमध्ये २०-२५ मैलांवर नुसता ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबायचा आणि चाकं लॉक व्हायच्या थोडं आधी थांबेल इतपत गेन ठेवायचा असतो. दादाचा इतका खाली होता की ट्रेलर जवळजवळ ब्रेक लावतच नव्हता, म्हणजे उतारावर ४४८० पाउंड मागून गाडीला ढकलत होते आणि गाडीची पुढची चाकं हलकी झालेली. त्यात गाडीच्या ब्रेकवर पाय दिला की गाडी मंदावते, ट्रेलर मंदावत नाही, आणि झोका वाढतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, त्याच्याशी झटापट करायची नाही आणि कंट्रोलरवरचं बटण दाबून फक्त ट्रेलरचा ब्रेक लावायचा, तो ट्रेलरला मागून ताणून सरळ करतो. हे आधी चार वेळा हाताला शिकवून ठेवलं तरच ऐनवेळी आठवतं.

एकच कारण निवडायचं झालं तर मी वेग म्हणेन. ६० वर हेच सगळे दोष असूनसुद्धा ते निभावलं असतं. पण निभावणं म्हणजे मर्यादेत बसणं नव्हे, आणि समोर अचानक कोणी आडवं आलं तर ६० वरसुद्धा ती चार चाकं आपल्या मर्यादेच्या पलीकडेच होती.

काय काय पर्याय होते

सामान गाडीतून ट्रेलरमध्ये हलवायचं हा पहिला विचार सगळ्यांचा असतो. गाडी थोडी हलकी होते खरी पण गाडी-ट्रेलरची बेरीज तीच राहते, आणि इथे बेरीजच १९० ने जास्त होती, वर टंग पुन्हा वाढतं. सामान घरी ठेवणं हाच उपाय, पण छताचा बॉक्स काढला आणि ट्रंक अर्धी केली तरी टंगची ५०० ची मर्यादा तशीच राहते.

"मी मागे ट्रेलरमध्ये बसते, पलंग आहे की तिथे" ही सूचना मावशींची. चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये बसायला बऱ्याच राज्यांत कायद्याने मनाई आहे आणि कायदा नसता तरी सीटबेल्ट नाही, आतलं सामान सुटं, ट्रेलर उलटला तर काय होईल ते विचारू नका.

दुसरी गाडी घेणं. हाफ-टन पिकअपमध्ये (मोठ्या पिकअप ट्रकांमधला हलका वर्ग) हा ट्रेलर आणि ही पाच माणसं बसू शकतात, पण बसतीलच असं नाही, परत तेच, दार उघडून स्टिकर बघायचं. चामड्याच्या सीट आणि मोठी स्क्रीनवाल्या पिकअपचा पेलोड कधीकधी या एसयूव्हीच्या आसपासच निघतो. दादाची एसयूव्ही नवीन होती, कर्ज चालू होतं, त्यामुळे हा पर्याय त्याने तिथेच मिटवला.

राहिला ट्रेलर बदलणं. तेच केलं, नुकसान सोसून. आणि या वेळी उलट बाजूने सुरुवात केली, म्हणजे आधी स्टिकर, मग माणसं, मग सामान, आणि जे उरेल त्यात ट्रेलर. रूफ बॉक्स रद्द. ट्रंकमध्ये १५० ऐवजी ७०, त्याला वहिनींनी चक्क यादी केली आणि कूलर कटला. १३१० मधून ६६०, ६०, ७० आणि हिचचे ७५ वजा केले की टंगला उरतात ४४५. कडेवर चालायचं नाही म्हणून त्यातलेही ३५०-३६०च वापरायचे ठरवले, १२ टक्क्यांनी भरलेला ट्रेलर ३००० चा.

पाच जणांना झोपायला ३००० पाउंडांत भक्कम भिंतींचा ट्रॅव्हल ट्रेलर शोधणं म्हणजे जवळजवळ अशक्य, त्यामुळे पॉप-अप घेतला, जो प्रवासात घडी घालून पेटीसारखा होतो आणि मुक्कामाला वर उचलून कॅनव्हासच्या बाजू उघडायच्या. त्याचा एक फायदा वजनाच्या बाहेरचा आहे. दादाच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मागच्या बाजूला बारीक अक्षरात ट्रेलरच्या समोरच्या पृष्ठभागाची मर्यादा ४० चौरस फूट दिली होती. जुना ट्रेलर ८ फूट रुंद आणि जमिनीपासून साडेनऊ फुटांच्या वर, खालची मोकळी जागा सोडली तरी ६० च्या पुढे जातो. म्हणजे वजन बसलं असतं तरी वाऱ्याची भिंत बसत नव्हती. फ्रीवेवर इंजिनची ताकद वजनापेक्षा हवा कापण्यातच जास्त जाते, वजन चढावर आणि ब्रेक लावताना कळतं. घडी घातलेला पॉप-अप तीस चौरस फुटांच्या आसपास.

तोटेही आहेत. टॉयलेट म्हणजे छोटं कॅसेटवालं (खालची टाकी काढून रिकामी करायची), मावशींना ते पहिल्या दिवशी पसंत पडलं नाही आणि माझ्या माहितीप्रमाणे अजूनही पडलेलं नाही. पावसात घडी घातली तर घरी येऊन कॅनव्हास वाळवावं लागतं.

नवीन जोडी परत काट्यावर नेली. नुसती गाडी माणसांसकट ५५६०. ट्रेलर जोडून बार न लावता पुढे २६२०, मागे ३३००, ट्रेलरच्या चाकांवर २६४०, टंग ३६०, ट्रेलर बरोबर ३०००. मागचं ॲक्सल अगदी काठावर आलं होतं, बार लावल्यावर पुढे २७२०, मागे ३१४०, ट्रेलरवर २७००. गाडी ५८६०, सगळं मिळून ८५६०. सगळ्या मर्यादांच्या आत, पण बघा, गाडीवर शिल्लक फक्त १४०. आकाराने निम्मा दिसणारा ट्रेलर घेऊनही शिल्लक इतकीच. आणि मुलगा १४ वर्षांचा आहे, दोन वर्षांत त्यातले ४० तोच खाणार.

टंग वेट घरी मोजायची सोपी युक्ती दादाने उचललीये, दर वेळी काट्यावर जायला नको म्हणून. एक भक्कम फळी, एका टोकाखाली वीट, तिथून तीन फुटांवर बाथरूमचा काटा, आणि विटेपासून एका फुटावर ट्रेलरचं नाक टेकवायचं. काटा जे दाखवेल त्याला तीनने गुणायचं. ट्रेलर सपाटीवर आणि चाकांना उटी (घरंगळू नये म्हणून अडसर) लावलेली पाहिजे. १२० दिसलं की ३६०.

उन्हाळ्याला यलोस्टोन नॅशनल पार्कचा बेत होता आणि तिथे आणखी एक गंमत झाली. मूळ बेत तिथल्या फिशिंग ब्रिजच्या आर.व्ही. पार्कचा (ट्रेलर लावून मुक्काम करायची जागा) होता, तिथे अस्वलांमुळे कॅनव्हासचे ट्रेलर घेतच नाहीत, फक्त भक्कम भिंतीवाले. वहिनी वैतागल्या. पण मी मॅन्युअल चाळत होतो त्यात लिहिलं होतं की समुद्रसपाटीपासून दर १००० फुटांना गाडी-ट्रेलरच्या एकूण मर्यादेतून २ टक्के कमी करा, कारण विरळ हवेत साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद घटते. फिशिंग ब्रिज ७८०० फुटांच्या आसपास, म्हणजे १००५० चे होतात ८४८० आणि आमचे ८५६०. बसतच नव्हतं! हा ताकदीचा प्रश्न आहे, ॲक्सल मोडण्याचा नाही, हळू चढून निभतं असं म्हणणारे भेटतील आणि ते अगदीच चूक नाहीत, पण दादा आता त्या मूडमध्ये नव्हता.

मग मॅडिसन कॅम्पग्राउंड बघितलं, तिथे तंबू आणि पॉप-अप दोन्ही चालतात आणि उंची ६८०० फूट, मर्यादा ८६८०. पश्चिमेकडून आयडाहोच्या बाजूने जाताना टार्गी पास ७०७२ फुटांचा लागतो, तिथे ८६२८. दोन्हीकडे बसतं. ट्रेलर मॅडिसनला लावून पार्क नुसत्या गाडीने फिरायचं ठरलंय, पाण्याची टाकी तिथे पोचल्यावर भरायची, आणि दुसरा गॅस सिलिंडर घरी.